मूल्यं सगळ्यांचीच चांगली असतात, भांडण क्रमाचं असतं

संध्याकाळचे सव्वापाच. उद्या सकाळी ग्राहकाकडे जायचा अहवाल तयार आहे, सह्या झाल्यात, फक्त पाठवायचा बाकी. तेवढ्यात टीममधल्या एकाच्या लक्षात येतं की चौथ्या पानावरच्या तक्त्यात मागच्या महिन्याचा आकडा तसाच राहून गेलाय. फरक मोठा नाही, निष्कर्षही बदलत नाही. पण आकडा चुकलाय.

तिघं जण टेबलाभोवती उभे आहेत. पहिला म्हणतो, "ग्राहकाला आत्ताच कळवू, सगळे तक्ते पुन्हा तपासू आणि उद्या दुपारपर्यंत देऊ." दुसरी म्हणते, "सकाळचा शब्द दिलाय. रात्री बसावं लागलं तर बसू, पण वेळ चुकवायची नाही." तिसऱ्याची नजर जाते तक्ता करणाऱ्या नव्या मुलाकडे. तो हळूच म्हणतो, "गुपचूप बदलून टाकू, उगाच पोराचं नाव नको यायला."

तिघंही कामसू आहेत, कोणी कोणाला फसवायला निघालेलं नाही. तरी पंधरा मिनिटांत पहिल्याला तिसरा लपवाछपवी करणारा वाटायला लागतो, तिसऱ्याला पहिला तत्त्वाचा टेंभा मिरवणारा वाटतो, आणि दुसरीला वाटतं की या दोघांना घड्याळच दिसत नाही.

ऑफिसातले असे वाद बऱ्याचदा "त्याला काही मूल्यंच नाहीत" या वाक्यावर येऊन थांबतात. हे निदान सोपं आहे आणि बहुतेक वेळा चुकीचं. या तिघांच्या हातात कागद देऊन आपापली मूल्यं लिहायला सांगा, तिन्ही कागद जवळपास सारखे निघतील: प्रामाणिकपणा, दिलेला शब्द पाळणं, माणसांशी नीट वागणं. दोन चांगल्या गोष्टी एकाच वेळी जमत नाहीत तेव्हा फरक पडतो. कोणाला आधी आणि कोणाला नंतर, हे तिथे ठरतं. आणि ते आपण बोलून, विचार करून ठरवत नाही, सरळ वागून मोकळे होतो.

यादी आणि वर्तुळ

मूल्यांच्या अभ्यासात फार वापरली जाणारी एक मांडणी मानसशास्त्रज्ञ शालोम श्वार्ट्झ यांची आहे. १९९२ साली त्यांनी दहा मूलभूत मूल्यं मांडली: स्वायत्तता, नावीन्याची ओढ, सुखोपभोग, यश, सत्ता, सुरक्षितता, रीत सांभाळणं, परंपरा, आपल्या माणसांचं भलं आणि सगळ्यांचं भलं. पुढे २०१२ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत याच मांडणीचे आणखी बारीक भाग पाडून संख्या १९ वर नेली. आकडे विसरलात तरी चालेल. महत्त्वाचं हे की ही मूल्यं एकाखाली एक लिहिलेली नाहीत, वर्तुळात बसवलेली आहेत. शेजारची मूल्यं एकमेकांना धरून चालतात, समोरासमोरची एकमेकांना खेचतात. यश आणि सत्ता एका बाजूला, आपल्या माणसांचं आणि सगळ्यांचं भलं त्यांच्या समोर. स्वायत्तता आणि नावीन्य एकीकडे, सुरक्षितता, रीत आणि परंपरा त्यांच्या समोर.

कामाच्या ठिकाणी ही ओढाताण रोज दिसते. बढतीच्या वर्षी स्वतःचं काम ठळक दाखवणं आणि श्रेय टीमला देणं, या दोन गोष्टी एकाच सादरीकरणात सारख्याच जोराने करता येत नाहीत. ठरलेली प्रक्रिया ओळीनं पाळायची आणि त्याच कामात स्वतःचं डोकंही चालवायचं, तर कुठेतरी एक जागा सोडावी लागते. "मला दोन्ही तितकंच महत्त्वाचं" असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्यावर अजून दोन्ही एकाच दिवशी मागणारा दिवस आलेला नसतो, इतकंच.

श्वार्ट्झ यांच्या प्रश्नावल्यांमध्ये एक तांत्रिक खुबी आहे आणि ती घरच्या घरी वापरण्यासारखी आहे. माणसं मूल्यांना गुण देताना सढळ असतात. सहापैकी गुण द्यायला सांगितले की सगळ्यालाच पाच-सहा. म्हणून नुसते गुण बघत नाहीत. त्या माणसाने सगळ्या प्रश्नांना दिलेल्या गुणांची सरासरी काढतात आणि प्रत्येक मूल्याच्या गुणांतून ती वजा करतात. समजा एकाने शिस्तीला ५ दिले, पण त्याची सगळ्या उत्तरांची सरासरीच ५.२ आहे, शिस्त त्याच्याकडे उणे ०.२ वर, म्हणजे मधल्या रेषेच्याही खाली. दुसऱ्याने शिस्तीला ४ दिले आणि त्याची सरासरी ३.४, त्याच्याकडे शिस्त अधिक ०.६. कागदावर पहिला जास्त शिस्तप्रिय दिसतो. निवड करायची वेळ आली की दुसरा शिस्तीला धरून राहण्याची शक्यता जास्त. मुलाखतीत, मूल्यमापनात, टीम बांधणीच्या कार्यशाळांमध्ये लोकांकडून "माझी पाच मूल्यं" लिहून घेतात आणि ती फलकावर चिकटवतात, तिथे नेमकी ही वजाबाकी राहून जाते.

श्वार्ट्झ आणि आनात बार्डी यांनी २००१ मध्ये अनेक देशांतल्या नमुन्यांची तुलना केली, तेव्हा आपल्या माणसांचं भलं, स्वायत्तता आणि सगळ्यांचं भलं ही मूल्यं बहुतेक ठिकाणी वर होती, आणि सत्ता, परंपरा, नावीन्याची ओढ खाली. त्यामुळे शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं पहिलं मूल्य आपल्याशी जुळलं म्हणून हुरळून जाऊ नका. पहिलं बहुतेकांचं जुळतंच. चौथ्या-पाचव्या क्रमांकावर काय आहे ते बघा.

स्वतःचा क्रम कसा शोधायचा

डोळे मिटून "मला काय महत्त्वाचं वाटतं" असा विचार करू नका. त्यातून सुविचारच निघतात. त्याऐवजी मागच्या तीन आठवड्यांचं कॅलेंडर, पाठवलेल्या ईमेलचा फोल्डर आणि चॅट उघडा. त्यातून आठ ते दहा प्रसंग काढा, आणि प्रसंग निवडताना एकच चाळणी लावा: काहीतरी सोडावं लागलं होतं का? ज्या निर्णयात काहीच गमवावं लागलं नाही, त्याचा उपयोग नाही. वेळेवर आलात, कारण रस्ता मोकळा होता. ते वक्तशीरपणात धरू नका.

प्रत्येक प्रसंगासाठी तीन छोटे रकाने. काय केलं, काय टिकलं किंवा मिळालं, काय सोडलं. भावनांचा रकाना ठेवू नका, तो आला की सगळं सफाईदार होतं. उदाहरणार्थ: "मंगळवारच्या बैठकीत मुदत अशक्य आहे हे माहीत असून हो म्हटलं. मिळालं: बैठक वेळेत संपली, साहेबांचा मूड राहिला. सोडलं: दोन सहकाऱ्यांचे शनिवार." दहा ओळी झाल्या की "सोडलं" हा रकानाच वरून खाली वाचा. जी गोष्ट तिथे तीन-चारदा दिसते, ती तुमच्या खऱ्या क्रमात खाली आहे, भिंतीवर ती कितीही वर लिहिलेली असो.

हे करताना एक चूक जवळजवळ सगळे करतात. आठवणीतून प्रसंग काढतात, आणि आठवण आपल्या बाजूची असते. म्हणून आधी कॅलेंडर, मग आठवण. आणखी एक घोळ वर्णनात होतो: "सोडलं" मध्ये लोक स्वतःचा त्रास लिहितात (झोप, जेवणाची वेळ) आणि दुसऱ्याचं नुकसान विसरतात. प्रत्येक ओळीत निदान एका दुसऱ्या माणसाचं काय गेलं, हे शोधायचा प्रयत्न करा. नसेल गेलं तर तसं लिहा.

मग सगळ्यात अवघड भाग. मूल्य आणि भीती वेगळी काढायची. बैठकीत वरिष्ठांना न टोकणं हा आदर असू शकतो किंवा भिडस्तपणा. दोन्ही बाहेरून हुबेहूब एकसारखे दिसतात, माणसाला आतूनही फरक कळेलच असं नाही. ओळखायची एक रीत आहे: प्रेक्षक बदलून बघा. तोच मुद्दा आपल्यापेक्षा कनिष्ठ माणसाने मांडला असता, तर असंच गप्प राहिलो असतो का? आदर असेल तर कनिष्ठालाही बोलणं पूर्ण करू दिलं असतं आणि नंतर बाजूला घेऊन सांगितलं असतं. तिथे तावातावाने बोललो असतो, तर वर दाखवला तो आदर नव्हता. भीती वाटण्यात लाज नाही. नोकरीची काळजी ही खरी काळजी आहे. पण तिला मूल्याचं नाव दिलं की तिच्यावर काम करता येत नाही.

माणूस चांगला आहे, पण घाईत आहे

१९७० साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी प्रिन्स्टनमध्ये धर्मशास्त्र शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला, तो १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाला शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण करायचं होतं. काहींचा विषय होता वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्याची बायबलमधली गोष्ट. निघताना काहींना सांगितलं की उशीर झालाय, काहींना की वेळेवर आहात, काहींना की हातात थोडा वेळ आहे. वाटेत एक माणूस दारात वाकून, खोकत, कण्हत बसलेला. सवड असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, मधल्या गटातले ४५ टक्के, आणि उशीर झालेल्यांपैकी फक्त १० टक्के. भाषणाचा विषय काय होता याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. नमुना लहान आहे, एका प्रयोगावर इमले बांधू नयेत. पण कामाच्या ठिकाणी याचं प्रत्यंतर शोधायला लांब जावं लागत नाही.

घाईत माणसाची मूल्यं बदलत नाहीत, त्यांना बोलायला वेळ मिळत नाही. म्हणून एखाद्या टीममध्ये लोक सतत चुका झाकत असतील, एकमेकांवर ढकलत असतील, तर मूल्यांवरचं व्याख्यान ठेवण्याआधी वेळापत्रक बघावं. अहवाल पाठवायची वेळ आणि अंतिम तपासणीची वेळ यांच्यात अंतर किती? अर्धा तास असेल, तर सापडलेली चूक दडपली जाणार हे जवळजवळ लिहूनच ठेवलंय, कारण त्या वेळी खरं बोलण्याची किंमत सगळ्यात जास्त असते. तीच तपासणी आदल्या दिवशी दुपारी ठेवली, तर तीच माणसं तोच आकडा सहज पुढे करतात. वरच्या प्रसंगात तिघांमधला वाद हा अर्धा मूल्यांचा आणि अर्धा सव्वापाचचा होता.

दुसरी गोष्ट प्रेक्षकांची. बार्डी आणि श्वार्ट्झ यांनी २००३ मध्ये मूल्यं आणि प्रत्यक्ष वागणूक यांचा संबंध तपासला. परंपरा आणि नावीन्याची ओढ यांचा वागण्याशी संबंध ठळक निघाला. सुरक्षितता, रीत सांभाळणं, यश आणि आपल्या माणसांचं भलं यांचा मात्र पुसट. त्यांचं स्पष्टीकरण असं की जिथे तसं वागण्याचा सगळ्यांवरच दबाव असतो, तिथे मूल्य असो नसो, माणूस तसाच वागतो. ऑफिसात याचा सरळ उपयोग आहे. वार्षिक मूल्यमापनाच्या महिन्यात सगळेच मेहनती दिसतात, वरिष्ठांसमोर सगळेच सहकार्य करतात. तेव्हाची निरीक्षणं टिपून ठेवण्यात फारसा अर्थ नाही. दबाव नसतो तिथे बघा: कोणी वाचणार नाही अशी कागदपत्रं कशी लिहिली जातात, काम दुसऱ्या टीमकडे गेल्यावर हस्तांतरण किती नीट होतं, ज्याच्याकडून काही मिळायचं नाही त्याच्या प्रश्नाला उत्तर किती दिवसांनी जातं.

चांगल्या मूल्याचा अतिरेक

वाईट मूल्यांमुळे बिघडलेली कामं मोजकी असतात. जास्त बिघाड चांगलं मूल्य एकटंच मोकाट सुटल्याने होतो. प्रामाणिकपणाला कोणी आवरलं नाही की तो फटकळपणा होतो. निष्ठेची झाकाझाक होते. गुणवत्तेचा ध्यास असलेला माणूस काम हातातून सोडतच नाही, आणि पुढचे चार जण त्याची वाट बघत बसतात. समानतेचा आग्रह धरणारा मॅनेजर सगळ्यांना सारखंच काम देतो आणि मग ज्याला जमत नाही तोही बुडतो, ज्याला जमतं तोही कंटाळतो.

मायाळूपणाचं मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण त्याला कोणी दोष देत नाही. समजा हाताखालच्या मुलीने सादरीकरण केलं. दहा मिनिटं होती, स्लाइड बावीस. सातव्या स्लाइडपर्यंत तिला नेमकं काय मंजूर करून हवंय तेच समोरच्यांना कळलं नाही. बाहेर आल्यावर मायाळू वरिष्ठ म्हणतो, "छान झालं गं, थोडं अजून नीटनेटकं कर." तिला बरं वाटतं, त्यालाही. पुढच्या महिन्यात तेवीस स्लाइड. तिसऱ्या महिन्यात वरचे लोक तिला बोलवायचं बंद करतात आणि तिला कारण कधीच कळत नाही. "दुखवायचं नाही" हे मूल्य पाळलं गेलं, "तिचं भलं व्हावं" हे राहिलं. दोन्ही मायेचेच प्रकार, पण एकाची किंमत आज मोजावी लागते आणि दुसऱ्याची तीन महिन्यांनी. आजचं टाळण्याकडे आपला कल असतो.

दोन्ही सांभाळणारं वाक्य असं असतं: "दहा मिनिटांना बावीस स्लाइड जास्त होत्या. तू काय मागतेयस ते मला सातव्या स्लाइडनंतर कळलं. पुढच्या वेळी मागणी पहिल्याच स्लाइडवर घे आणि तक्ते दोनच ठेव. बाकीचे विचारले तर दाखवू. गुरुवारी आपण एकदा मिळून बघू." यात तिच्या स्वभावाबद्दल अवाक्षर नाही. मोजता येईल असा आकडा आहे, काय बदलायचं ते आहे, आणि शेवटी वरिष्ठाने स्वतःचा वेळ दिलाय. तो शेवटचा भाग गाळला की बाकीचं वाक्य कोरडं लागतं. कौतुकाच्या दोन थरांमध्ये टीका दडवायची पद्धत बरेच प्रशिक्षक शिकवतात. मला ती पटत नाही. ऐकणाऱ्याला मधला भाग ऐकू येत नाही, किंवा पुढे कौतुक झालं तरी तो धसका घेतो.

मूल्याचं वाक्य करायचं

"पारदर्शकता" हा शब्द वागायला निरुपयोगी आहे. त्याचं असं वाक्य व्हायला हवं, जे पाळलं की नाही हे तिऱ्हाईत सांगू शकेल. "चूक लक्षात आल्यापासून तासाभराच्या आत संबंधित माणसाला कळवीन, कारण सापडलं नसलं तरी." यात वेळ आहे, माणूस आहे, आणि पळवाट आधीच बुजवली आहे, कारण बहुतेक उशीर "आधी कारण शोधतो, मग सांगतो" या सबबीखाली होतो. तसंच "आदर" याऐवजी: "बैठकीत कोणाचं वाक्य तोडलं गेलं, तर पुढच्या विरामात त्याचं नाव घेऊन त्याला पूर्ण करायला सांगेन."

पीटर गोलविट्झर यांनी जर-तर स्वरूपाच्या संकल्पांवर बराच अभ्यास केलाय. "मी हे करीन" यापेक्षा "अमुक झालं, तर मी तमुक करीन" हे जास्त पाळलं जातं. कारण त्या क्षणी आठवण ठेवायचं काम परिस्थितीच करते. "जर वरिष्ठांनी बैठकीत तारीख मागितली, तर मी आधी 'उद्या अकरापर्यंत सांगतो' असं म्हणेन." एवढ्या एका वाक्याने मान डोलावून अशक्य मुदती घेण्याची सवय पुष्कळ कमी होते. "नाही" म्हणायचं धाडस त्या क्षणी नसतं, पण वेळ मागायचं असतं.

आणि कारण लिहा. ग्रेगरी मायो आणि जेम्स ऑल्सन यांनी १९९८ मध्ये दाखवलं की माणसं आपली मूल्यं स्वयंसिद्ध धरून चालतात. ती का महत्त्वाची, याची कारणं विचारली तर गडबडतात. मूल्यामागची कारणं आधी डोळ्यासमोर आणली, तर वागणं मूल्याला धरून राहायला मदत होते, असं त्यांच्या पुढच्या कामातून दिसलं. त्यामुळे प्रत्येक वाक्याखाली दोन ओळी: मी हे का पाळणार, आणि नाही पाळलं तर कोणाचं काय बिघडतं. "चांगलं असतं म्हणून" हे उत्तर आलं तर अजून थांबा.

एका वेळी दोनच वाक्यं घ्या. पाच घेतलेल्यांना तिसऱ्या आठवड्यात एकही आठवत नाही.

दुसऱ्याचा क्रम वाचताना

एखाद्या सहकाऱ्याशी तोच तोच वाद होत असेल, तर त्याला "तुझी मूल्यं काय" असं विचारू नका. विचित्र वाटतं आणि उत्तर पाठ केलेलं येतं. त्याऐवजी: "या कामात काय बिघडलं तर तुम्हाला सगळ्यात जास्त लागेल?" एक जण सांगेल, ग्राहक नाराज झाला तर. दुसरा सांगेल, आपल्यातलं कोणी भाजून निघालं तर. तिसरा, नंतर कोणी विचारलं आणि नोंद सापडली नाही तर. आता बोलणी करता येतात. वरच्या तिघांनी हा प्रश्न विचारला असता, तर वाटही निघाली असती: ग्राहकाला लगेच दोन ओळी, "पान चारवरचा एक आकडा दुरुस्त करतोय, अहवाल ठरल्या वेळी सकाळी येईल." चूक टीमची म्हणून लिहायची, नाव कोणाचंच नाही. नव्या मुलाला मात्र शेजारी बसवून तोच तक्ता त्याच्याकडून पुन्हा तपासून घ्यायचा.

संस्थेचा क्रमही असाच वाचावा लागतो. स्वागतकक्षातल्या भिंतीवरची मूल्यं सोडून द्या. मागच्या दोन वर्षांत बढती कोणाला मिळाली, कोणती चूक माफ झाली आणि कोणती झाली नाही, वाईट बातमी घेऊन गेलेल्याचं पुढे काय झालं, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. नोकरीच्या मुलाखतीत उमेदवारालाही विचारता येतं: "इथे एखादं काम ठरल्याप्रमाणे होणार नाही हे शेवटचं कधी वर कळवलं गेलं, आणि कोणी कळवलं?" उत्तरात तारीख आणि प्रसंग आला तर चांगलं. "आमच्याकडे मोकळं वातावरण आहे" एवढंच आलं तर समजून घ्या.

चुकांच्या आकड्यांनी फसायला होतं. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या. त्यांनी लावलेला अर्थ असा की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, तर लोक त्या उघडपणे सांगत होते. याच धाग्यातून मोकळेपणाने बोलण्याच्या सुरक्षिततेबद्दलचं त्यांचं १९९९ चं संशोधन उभं राहिलं. चुका शून्यावर आल्या म्हणून बक्षीस देणारा मॅनेजर आपण नेमकं कशाला बक्षीस देतोय, हे एकदा तपासून बघेल तर बरं.

वरून चुकीचं सांगितलं तर

इथे आधी वर्गवारी करा, नाहीतर प्रत्येक गोष्ट तत्त्वाची होऊन बसते. पटत नाही, पण चालेल (फॉन्ट, बैठकीची वेळ, पद्धत). खटकतं, बोलायला हवं (श्रेय चुकीच्या माणसाला जाणं, अवास्तव मुदत). करणार नाही (खोटा आकडा, कोणाच्या जिवाला धोका, बनावट सही). तिसऱ्या कप्प्यात तीन-चारच गोष्टी असाव्यात, आणि त्या शांत दिवशी लिहिलेल्या असाव्यात. पहिल्या कप्प्यातल्या गोष्टींवर जो रोज तलवार काढतो, त्याचं तिसऱ्या कप्प्यातलं बोलणंही लोक "याचं नेहमीचंच" म्हणून सोडून देतात.

२७ जानेवारी १९८६ च्या रात्री चॅलेंजर अंतराळयानाच्या उड्डाणाआधी दूरध्वनीवर बैठक झाली. बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांचं म्हणणं होतं की सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण नको, रबरी सील थंडीत नीट बसणार नाहीत. पलीकडून, म्हणजे नासाकडून, नाराजी आली. कंपनीने चर्चेतून थोडा वेळ मागितला, आणि त्या वेळात एका वरिष्ठ अधिकाऱ्याने अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला सांगितलं की आता अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. शिफारस फिरली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान नष्ट झालं, सात जण गेले.

अभियंते रॉजर बॉयजॉली यांनी चौकशीत सांगितलेली गोष्ट मला त्या टोपीपेक्षाही महत्त्वाची वाटते. एरवी "सुरक्षित आहे हे सिद्ध करा" असा दंडक असायचा. त्या रात्री "असुरक्षित आहे हे सिद्ध करा" अशी मागणी झाली. कोणी "सुरक्षितता बाजूला ठेवा" म्हटलं नाही. फक्त सिद्ध करायची जबाबदारी या बाजूकडून त्या बाजूकडे सरकली. तुमच्या टेबलावरही बहुतेक वेळा हेच होतं. "खोटं लिही" असं कोणी म्हणत नाही. "हा आकडा चूकच आहे याचा पुरावा आहे का?" असं विचारतात. हे वाक्य ऐकू आलं की थांबून मूळ प्रश्न परत मांडायचा: "तो बरोबर असल्याचा पुरावा आधी बघू या."

बाकी पायऱ्या साध्या आहेत. पहिल्यांदा खुलासा विचारा, कारण अर्ध्या वेळा गैरसमजच असतो: "म्हणजे मागच्या महिन्याचा आकडा या महिन्याचा म्हणून दाखवायचा, असंच म्हणताय ना?" स्पष्ट शब्दांत परत ऐकल्यावर बरेच जण स्वतःच माघार घेतात. नाही घेतली तर पर्याय हातात ठेवा: आकडा खरा ठेवू, खाली कारणाची एक ओळ देऊ. तरीही नाही, तर त्याच दिवशी छोटा ईमेल, आरोप न करता: "आज आपलं बोलणं झालं त्यानुसार आकडा बदलायला सांगितलं आहे, मला तो मूळ नोंदीशी जुळत नाही असं वाटतं, म्हणून सध्या बदललेला नाही." तीन ओळींच्या वर जाऊ नका; लांब ईमेल रागाचा वाटतो. मग वरची पायरी किंवा तक्रारीची ठरलेली व्यवस्था. नोकरी सोडणं हा पर्याय शेवटी असतोच, पण तो खुला राहण्यासाठी काही महिन्यांचा खर्च बाजूला आणि अद्ययावत बायोडेटा लागतो. ही तयारी नसलेल्या माणसाला तिसऱ्या कप्प्यात फार काही ठेवता येत नाही, हे कटू असलं तरी आधी लक्षात घ्यावं.

सहा आठवड्यांनी आपली दोन वाक्यं काढा. प्रत्येकासाठी दोन आकडे लिहा: प्रसंग किती आले, पाळलं किती वेळा. सातपैकी तीन असेल तर ते वाक्य ठेवा आणि राहिलेल्या चार वेळी काय आडवं आलं ते बघा. बऱ्याचदा चारही वेळा तोच माणूस, तीच बैठक किंवा दिवसाची तीच वेळ निघते, आणि बदलायची गोष्ट ती असते. सातपैकी सात असेल तर ती आधीपासूनची सवय होती, दुसरं वाक्य घ्या. आणि प्रसंगांच्या जागी शून्य आलं, तर वाक्यातला "जर" बदला, जास्त नेहमीची परिस्थिती घाला, आणि पुन्हा सहा आठवडे मोजा.